धोंड्यातली संकष्टी

अनारसं तुपात सोडलं की त्यानं गप्प फुलावं, खसखशीची बाजू वर ठेवून जाळी धरावी. पण कधीकधी ते कढईत पसरतं, विरतं, तुकडे तुकडे होतं. अनारसं हसलं, असं बायका म्हणतात. आज सकाळपासून जानकीची तीन हसली होती.

"आई, पीठ सैल झालंय का? थोडी तांदळाची पिठी घालून बघू?" अनुपमानं स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून विचारलं.

"घालते मी. तू बस हो."

हे 'तू बस हो' साडेपाच वर्षांचं जुनं होतं. त्यात कडवटपणा नव्हता, उलट मायाच होती, आणि म्हणूनच त्याला नाव ठेवायला कुणाला जागा मिळाली नव्हती. सून दवाखान्यात आयाचं काम करते, दिवसभर पायांवर उभी असते, तिनं घरी आल्यावर बसावं, यात काय वाईट? पण देवाच्या नैवेद्याला, सणाच्या पुरणाला, वाणाच्या ताटाला अनुपमाचा हात लागत नव्हता. घरातल्या भांड्यांनासुद्धा ते पाठ झालं होतं.

साथीच्या वर्षी जानकीचे यजमान गेले. त्यांच्या तेराव्याला लेक रत्नप्रभा रडता रडता बोलून गेली होती, "वहिनीच्या पायांनी घरात आलं ते." तेव्हा नितेशनं, अनुपमाच्या नवऱ्यानं, मान खाली घातली. जानकीनंही घातली. त्या दोन खाली गेलेल्या मानांवर मुलुंडचं हे तिसऱ्या मजल्यावरचं घर पुढे चाललं होतं.

तीन वर्षांनी येणारा अधिक महिना चालू होता. त्यात जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. मधला अधिक आला तेव्हा कुणी नाव काढलं नव्हतं. या खेपेला जानकीनंच कुर्ल्याला फोन करून लेक-जावयाला रविवारचं आमंत्रण दिलं होतं. अनुपमाची लेक भाविका तेवढी सुट्टीत मामाकडे गेली होती. महिनाभर ती एकदाच जेवत होती, जेवताना बोलत नव्हती, आणि देवापुढचा दिवा विझू देत नव्हती.

बाहेर जावई गुणाजीराव पंख्याखाली पाय लांब करून बसले होते. आवाज मात्र अख्ख्या घरात.

"नितेश, तुला माहितीय का, माझ्यासारखा नशीबवान जावई मुंबईत नाही. धोंड्याच्या महिन्यात जन्मले म्हणून सासऱ्यांचं नाव धोंडू, आणि धोंड्याच्या महिन्यात जावयाचे लाड! आख्खा महिना सासऱ्यांनी माझ्या नावावर करून ठेवलाय."

"गप बसा हो," रत्नप्रभा म्हणाली. "आईसमोर कशाला ते नाव सारखं? आई कधी या महिन्याला धोंडा म्हणते का? अधिकच म्हणते. जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही तिनं."

"लग्नात उखाण्यात तरी घेतलं असेल की!"

"तेव्हाही नाही. तेव्हा म्हणे, लाजून पळाली होती."

जानकी आतल्या आत हसली. खरंच होतं ते. नाव घेतलं की माणसाचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं सांगितलं होतं. आयुष्य कमी व्हायचं ते झालंच. पण सवय गेली नाही.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात पंचविशीतली मुलगी होती. खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात ओळखपत्र, कपाळावर घाम. "मी मीरा. फोनवर बोलणं झालं होतं. साथीच्या काळात कामावर जाणाऱ्या माणसांचं आणि त्यांच्या घरांचं काय झालं, त्याचा अभ्यास चालू आहे आमचा."

"आज?" रत्नप्रभानं नितेशकडे पाहिलं. "जावयाच्या जेवणाच्या दिवशी तुला हेच सुचलं?"

"रविवारी सगळे घरी असतो म्हणून म्हटलं, ताई. पाच मिनिटांचं काम आहे."

"पाचच मिनिटं," मीरा घाईनं म्हणाली. "आजींना एक तारीख विचारायची आहे, बस."

अनुपमानं पाण्याचा ग्लास आणला. मीरानं हात पुढे केला, तेवढ्यात रत्नप्रभा बोलली, "वहिनी, हात धुतलेस ना गं?" आणि लगेच स्वतःच हसली. "सवय यार, त्या दिवसांपासूनची."

गुणाजीरावांनी पाय आखडून घेतले. अनुपमा गॅलरीत गेली आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला लागली. जानकीनं हे सगळं स्वयंपाकघरातून पाहिलं. कढईतलं चौथं अनारसं करपलं. तिनं गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत बाहेर आली.

"आजी, दोन हजार एकवीसमध्ये आमच्याकडून तुम्हाला फोन आला होता. आठवतं?"

आठवणार नाही कसं? दुपारची वेळ होती, घरात कुणी नव्हतं. पलीकडे कोवळा आवाज होता, कुणा पोरीचा. 'आजी, तुम्हाला त्रास होत असेल तर सांगू नका,' असं आधी म्हणाली होती. त्या एका वाक्यानं जानकीचं मन सैल झालं. यजमान आजारी कधी पडले, हे पोरीनं विचारलं आणि जानकीनं खरं सांगून टाकलं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या अनोळखी कानात ओतलं. त्यानंतर कितीतरी दिवसांनी तिला नीट झोप लागली होती. कुठल्यातरी सरळ माणसांच्या कागदावर खरं लिहिलेलं आहे, एवढ्यावर तिनं पाच वर्षं काढली होती. अनुपमाला 'तू बस हो' म्हणताना कधी जीभ अडलीच, तर तो कागद तिच्या मदतीला यायचा. सांगितलंय मी. लपवलं नाही. देवाला ठाऊक आहे नि कागदालाही.

मीरानं कागद काढला. "यात एक जागा जुळत नाही, आजी. तेव्हा लिहून घेतलंय ते वाचते. 'धोंडूच्या संकष्टीला पहिला ताप आला.' मग कुणीतरी शेजारी तारीख लिहिलीय, चार नोव्हेंबर. पण आजोबा तीस ऑक्टोबरलाच दवाखान्यात दाखल झालेत. दाखल झाल्यावर पाच दिवसांनी पहिला ताप कसा येईल?"

"लिहिणाऱ्याची चूक आहे," नितेश म्हणाला. "मी सांगतो. दसऱ्याच्या दोन दिवस आधी, तेवीस तारखेला, हिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. अनुपमाचा. ही दवाखान्यात कामाला आहे ना. मग चार दिवसांनी बाबांना ताप. तीसला दाखल केलं. आणि..." त्यानं आईकडे पाहिलं. "आणि अश्विन वद्य नवमीला गेले. दिवाळी तोंडावर होती."

"म्हणजे पहिला ताप सत्तावीसला?"

"सत्तावीस लिहा."

मीरानं पेनाचं टोपण काढलं. गॅलरीत अनुपमाची पाठ दिसत होती. ती एकच टॉवेल पुन्हा पुन्हा घडी घालत होती.

जानकीच्या कानात मात्र पुढचं काही शिरत नव्हतं. धोंडूची संकष्टी? असं कुठं म्हटलं होतं आपण? आपण म्हटलं होतं, अधिकातल्या संकष्टीला. पोरीला कळलं नाही. ती म्हणाली, 'अधिकातली म्हणजे कुठली, आजी?' तेव्हा जानकीनं डोळे मिटले, मनात त्यांची क्षमा मागितली आणि जन्मात उच्चारला नव्हता तो शब्द उच्चारला. धोंड्यातली. तो शब्द उच्चारायला एवढं बळ लागलं होतं, आणि पलीकडच्या पोरीनं धोंडू ऐकलं. माणसाचं नाव समजली ती. मग कुणीतरी पंचांग बघून दुसऱ्या अश्विनातली संकष्टी लावून मोकळं झालं.

म्हणजे कागदाला काही ठाऊकच नव्हतं. पाच वर्षं ती ज्या कागदाला टेकून बसली होती, त्यावर तिनं सांगितलेलं खरं नव्हतंच.

आणि आता नितेश म्हणत होता ते लिहिलं जाणार होतं. शाईनं. आधी अनुपमा, मग ते.

गप्प राहिली तर यजमानांचं नाव राहील. पोरांच्या मनातला बाप राहील, शिस्तीचा, गिरणी बंद पडल्यावरही कुणापुढे हात न पसरलेला. त्यांनी तर शपथ घातली होती, बाप्पाची. पोरांना कळता कामा नये. आणि बोलली तर? अधिकात केलेलं पुण्य अनंतपट होतं, असं पोथीत वाचलं होतं तिनं. अधिकातल्या खोट्याचं काय होतं, ते कुठल्या पोथीत नव्हतं. पण साडेपाच वर्षं ते तिच्या डोळ्यांसमोर वाढत गेलं होतं, रोज ओल्या केसांनी जिना चढून येणाऱ्या सुनेच्या रूपानं.

"थांब गो बाय," जानकी म्हणाली. "सत्तावीस नको लिहूस."

मीराचं पेन थांबलं.

"मी तसं नव्हतं म्हटलं. मी यांचं नाव घेतच नाही, तर यांच्या नावाची संकष्टी कशी सांगेन? मी म्हटलं होतं..." तिनं एकदा देव्हाऱ्याकडे पाहिलं. "धोंड्यातली. धोंड्यातल्या संकष्टीला."

रत्नप्रभा आईकडे बघतच राहिली. तो शब्द त्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकला होता.

"धोंड्याचा महिना!" मीरानं कपाळावर हात मारला. "त्या वर्षी अश्विन दोन होते. थांबा." तिनं फोनवर बोटं फिरवली. "अधिक अश्विनातली संकष्टी, पाच ऑक्टोबर. सोमवार."

नितेश म्हणाला, "काहीतरी काय आई! पाच ऑक्टोबरला बाबा कामावर जात होते. मरोळच्या कंपनीत, पॅकिंगला. पार चोवीसपर्यंत गेले. गेटवर रोज कपाळाला ते मशीन लावून ताप बघायचे. ताप असता तर आत घेतलं असतं का?"

"माका ठावक आसा," जानकी म्हणाली. आवाज बारीक होता, पण कापत नव्हता. "सकाळी उठून मी कपाळ बघायची. गरम असलं की कोमट पाण्यातून तापाची गोळी. सहाला गोळी, साडेसहाची बस. मरोळला उतरेपर्यंत अंग थंड. तसेच गेटातून आत. रोज मीच द्यायची."

"आई!"

"दोघांना ताप निघाला म्हणून घरी पाठवलं होतं त्यांच्या पॅकिंगमधल्या. परत बोलावलंच नाही त्यांना. हे म्हणाले, गिरणी गेली तेव्हा मी तरणा होतो, आता मला उभं कोण करील? त्या संकष्टीला मी अनारसे केले होते वाणासाठी. यांना एक दिलं. म्हणाले, तुपाचा वास का नाही येत गं याला? साजूक तूप होतं रे. घरभर घमघमाट होता."

गुणाजीराव हळूच म्हणाले, "म्हणून त्या वेळी वाण जिन्यात स्टुलावर ठेवलं होतं. मी आलो नि दारातूनच गेलो. आतून खोकल्याचा आवाज आला होता मला. मी म्हटलं, म्हातारा भेटायला पण आला नाही बाहेर."

"ते तर वहिनीनं ठेवायला लावलं होतं!" रत्नप्रभा म्हणाली. "दवाखान्याचे नियम घरात आणले म्हणून मी किती बोलले तिला."

जानकीनं मान हलवली. "तिनं नाही. ती ड्युटीवर होती. मीच ठेवलं, आणि तुम्हाला सांगितलं, अनुपमा म्हणते अंतर ठेवा. तिचं नाव मी पुढे केलं."

रत्नप्रभाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "म्हणजे आता बाबांना चोर ठरवायचं? ते नाहीत सांगायला, म्हणून? कुणी यायचं, पिशवीतून कागद काढायचा, आणि आपण आपल्याच बापाचं..."

"ताई, थांब जरा," नितेश म्हणाला. बहिणीला त्यानं असं अडवायची ही पहिलीच वेळ होती. तो स्वतःच त्यानं दचकला.

"चोर कोणीच नाही," मीरा म्हणाली. पुस्तकी आवाज गेला होता तिचा. "या कागदावर कोणी आणलं असा प्रश्नच नाही हो. हा बघा, प्रश्न असा आहे. 'ताप असताना कामावर का जावं लागलं?' नावं आम्ही सांगत नाही नि छापतही नाही, पण या गोळीची गोष्ट मी आज नवव्या घरात ऐकतेय. कुणी मुलाला सांगितलं नव्हतं, कुणी बायकोलाही. ताप निघाला तर पगार बंद, मग माणूस ताप लपवणारच. आम्हाला हेच लिहायचंय. ज्यांनी ती मशीन विकत घेतली त्यांना कुणीतरी सांगायला हवं ना, की ती तापाची नाही, गोळीची तपासणी करत होती."

"मग बाबांमुळे अनुपमाला?" नितेशनं अर्धवटच विचारलं.

"ते नाही सांगता येणार. त्यांच्या वॉर्डातून आलं असेल, बसमधून, किंवा घरातून. कागदावरून फक्त आधी कोण आणि नंतर कोण, एवढंच कळतं."

"आधी कोण?"

अनुपमा गॅलरीच्या दारात उभी होती. हातात घडी केलेले कपडे छातीशी धरलेले. ती मीराला विचारत नव्हती. मीराला ते समजलं, ती कागदाकडे बघत बसली.

"आधी हे," जानकी म्हणाली.

अनुपमानं कपडे खुर्चीवर ठेवले. नीट ठेवले, पडू नयेत असे.

"पाच वर्षं दवाखान्यात आंघोळ करून येतेय मी, आई. डिसेंबरमध्येसुद्धा. कुणी सांगितलं नव्हतं, मीच सुरू केलं. भाविकाला जवळ घेताना मला वाटायचं, माझ्या हातांना अजून काहीतरी लागलेलं आहे. ताई बोलायच्या त्याचं मला एवढं नव्हतं. मला स्वतःलाच वाटायचं, मी मारलं बाबांना. त्यांनी माझ्या लेकीला सायकल शिकवली, नि मी त्यांना..." ती थांबली. "आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"रोज माहीत होतं."

"रोज."

जानकीनं आणखी काही जोडलं नाही. शपथ होती म्हणून, भीती होती म्हणून, कुंकू नुकतंच पुसलं होतं म्हणून, अशी कितीतरी वाक्यं तिच्या ओठाशी आली. एकेक तिनं परत आत नेलं. मौन तिला सवयीचं होतं. पण आजवर तिनं ते स्वतःला झाकायला धरलं होतं. आज पहिल्यांदा ते तिला उघडं पाडत होतं.

रत्नप्रभा उठून अनुपमाजवळ गेली, हात पुढे केला आणि कुठं ठेवावा ते न कळून तसाच धरून राहिली. "वहिनी, मला खरंच... मला काय माहीत गं."

"तुम्हाला नव्हतं माहीत, ताई. तुमचं मी धरत नाही." अनुपमा तिच्याकडे न बघता म्हणाली. मग मीराकडे वळली. "मलाही फोन आला होता तुमच्या लोकांचा. दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी वेगळा फॉर्म होता म्हणे. मी नाही म्हटलं होतं. मला वाटलं, विचारतील नि पकडतील. तो फॉर्म आहे का अजून?"

"आहे की. पण तो मोठा आहे, तास जाईल. आणि तुमच्याशी एकटीशीच बोलावं लागेल. घरातलं कुणी समोर नको, कानावर पडेल इतकं जवळही नको. खरं तर आजींनाही असं सगळ्यांसमोर विचारायला नको होतं. एकच तारीख आहे म्हणून बसले, ती माझीच चूक झाली."

"मग तुम्ही आतल्या खोलीत बसा," नितेश म्हणाला. "दार लावून घ्या."

"आतल्या खोलीतलं इथं सगळं ऐकू येतं," जानकी म्हणाली. ती उठली. देवापुढच्या दिव्यात तेल घातलं, चपला शोधल्या. "चला सगळे. खाली जाऊ."

"आई, अगं जेवण? साडेबारा वाजले. हे उपाशी आहेत. जावयाच्या जेवणाला जावयालाच जिन्यात बसवतेस?"

"माझं काय नाय," गुणाजीराव घाईघाईनं उठत म्हणाले. "मला आजकाल उशिराच भूक लागते."

दारापाशी अनुपमा बाजूला सरकली. सासू-सून एवढ्या जवळ क्वचितच उभ्या राहत. जानकीला वाटलं, हात जोडावेत. पण हात जोडले की सुनेला 'असू दे आई' म्हणावं लागतं, आणि तेवढंही आज तिच्याकडून घेऊ नये. ती नुसतं म्हणाली, "सगळं सांग. माझं पण. वगळू नकोस."

अनुपमानं दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

चौघं दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबली. मे महिन्याचं ऊन जिन्याच्या जाळीतून पायऱ्यांवर पडलं होतं. नितेश भिंतीला टेकून उभा राहिला. रत्नप्रभा पायरीवर बसली नि डोळ्यांना पदर लावला.

"आई, ती तुझ्याबद्दल काय काय सांगेल, विचार केलास? परक्या पोरीला?"

"केला."

"आणि ते छापून येईल कुठंतरी."

"नाव नाही छापत, म्हणाली ना ती. 'सासूनं' असं येईल." जानकीनं कठडा धरला. "येऊ दे. मागच्या वेळी माझं चुकीचं लिहिलं गेलं. तिचं तरी बरोबर लिहिलं जाऊ दे."

वरून बोलण्याचा आवाज यायला लागला. आधी पुटपुटल्यासारखा, मीराचा कुठला नि अनुपमाचा कुठला ते कळत नव्हतं. मग एकच आवाज राहिला आणि तो वाढत गेला. या घरात सोळा वर्षं राहून अनुपमा कधी एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती. शब्द तुटक तुटक खाली यायला लागले. 'थंडीत' एवढं कळलं. 'नैवेद्य' एवढं कळलं. नितेशनं मान वर केली.

"नको ऐकूस," जानकी त्याला म्हणाली, आणि सगळ्यांच्या पुढे होऊन आणखी एक मजला खाली उतरली.